ट्रेडिंग ॲपने तुमच्याबद्दल काय लिहून ठेवलंय? एकदा मागून तर बघा!

2020 चा लॉकडाउन. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा होणार की नाही, हेच कळत नव्हतं. घरी बसून कंटाळा आलेला, त्यात मित्राने रेफरल लिंक पाठवली. पॅन, आधार, एक सेल्फी, कोऱ्या कागदावरची सही आणि जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. माझं डिमॅट खातं उघडलं.

गेल्या महिन्यात या लेखाच्या निमित्ताने मी त्याच कंपनीला ईमेल केला. विनंती साधी होती, ‘माझ्याबद्दलची जी माहिती तुमच्याकडे आहे, तिची प्रत मला पाठवा.’ पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं. त्यात पासवर्ड रीसेट कसा करायचा ते सांगितलं होतं! दुसऱ्या उत्तरात ‘ॲपमधल्या रिपोर्ट्स विभागात सगळं आहे’ असं होतं. तिसऱ्या ईमेलनंतर, म्हणजे मोजून एकोणिसाव्या दिवशी, खातं उघडताना भरलेल्या माझ्याच अर्जाची पीडीएफ आली.

वाचून हसू आलं, मग जरा टेन्शन आलं. वार्षिक उत्पन्न : 5 ते 10 लाख. शेअर बाजाराचा अनुभव : 3 वर्षं. नॉमिनी : नको. पत्ता : हिंगणा रोडवरचं होस्टेल. तेव्हा माझं उत्पन्न शून्य होतं आणि अनुभव त्याहून कमी. हे पर्याय कोणी निवडले? बहुधा मीच, ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत. पण उद्या वाद झाला, तर कंपनी हाच कागद पुढे करणार. ‘ग्राहक अनुभवी होता, त्याने स्वतःच लिहून दिलंय.’

मार्च 2020 मध्ये देशात सुमारे 4 कोटी डिमॅट खाती होती. 2025 मध्ये हा आकडा 20 कोटींच्या पुढे गेला. यातली बहुतेक नवी खाती माझ्यासारखीच, मोबाइलवर घाईघाईत उघडलेली. आपण तेव्हा काय भरलं, कशाला होकार दिला, हे किती जणांना आठवत असेल?

स्टेटमेंट तर ॲपमध्येच दिसतं, मग वेगळी प्रत कशाला?

ॲपमध्ये दिसतो तो नफा-तोटा, होल्डिंग आणि लेजर. कंपनीकडे मात्र याहून बरंच काही असतं. केवायसीचा अर्ज, तुम्ही सांगितलेलं उत्पन्न, बँक खाती, मोबाइल आणि ईमेल कधी बदलला त्याची नोंद, कोणत्या डिव्हाइसवरून आणि आयपी ॲड्रेसवरून लॉगिन झालं, कॉल सेंटरची रेकॉर्डिंग, फ्यूचर्स-ऑप्शन्स कधी आणि कोणत्या कागदावर सुरू झालं, तुमची माहिती आणखी कोणाला दिली, हे सगळं त्यात येतं.

हे एरवी लागत नाही. लागतं ते भांडण झाल्यावर. ‘हा सौदा मी केलाच नाही’, ‘माझा ईमेल आयडी परस्पर बदलला’, ‘ऑप्शन्स मी सुरू केलंच नव्हतं’ अशा तक्रारींचा निकाल या नोंदींवरच लागतो. सेबीच्या मार्च 2018 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने ऑर्डर दिली याचा पुरावा ब्रोकरने ठेवायचा असतो. फोन रेकॉर्डिंग, ईमेल, एसएमएस, इंटरनेट व्यवहाराचा लॉग किंवा सहीचा कागद, यांपैकी काहीतरी. वाद झाला तर तो पुरावा सादर करण्याची जबाबदारीही ब्रोकरचीच.

यात एक बारीक मेख आहे. हे पुरावे कायमचे सांभाळायचं बंधन नाही. त्यांची मुदत लवादाकडे जाण्याच्या मुदतीशी जोडलेली आहे आणि परिपत्रक निघालं तेव्हा ती तीन वर्षं होती. मधल्या काळात वाद नोंदवला असेल, तर निकाल लागेपर्यंत नोंदी ठेवाव्या लागतात. म्हणजे ‘बघू पुढच्या दिवाळीत’ म्हणणाऱ्याचा पुरावा दरम्यान पुसला गेलेला असू शकतो.

नागपूरकरांना होम ट्रेड आठवतंय?

माझ्या पिढीला नाव माहीत नसेल, पण घरातल्या मोठ्यांना विचारा. वाशीची ही कंपनी 2000 च्या सुमारास ऑनलाइन गुंतवणुकीच्या पोर्टलमुळे गाजली. जाहिरातीत सचिन तेंडुलकर, शाहरुख खान आणि हृतिक रोशन. पुढे 2001-02 मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने होम ट्रेड आणि आणखी काही खासगी ब्रोकरांमार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी पैसे दिले. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. घोटाळा सुमारे 150 कोटींचा आणि बँक शेतकऱ्यांची. तब्बल दोन दशकांनी, 22 डिसेंबर 2023 रोजी, नागपूरच्या न्यायालयाने बँकेचे तत्कालीन अध्यक्ष आणि माजी मंत्री सुनील केदार यांच्यासह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा सुनावली. नंतर केदार यांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून जामीन मिळाला.

डेटाच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण ‘तुमची खरेदी झाली’ असं ब्रोकरने सांगणं आणि खरेदी प्रत्यक्ष तुमच्या नावावर असणं, यात केवढं अंतर असू शकतं, हे आपल्या जिल्ह्याने फार महागात शिकलंय.

2019 चं कार्वी प्रकरण तर डिमॅटच्या जमान्यातलं. कार्वी स्टॉक ब्रोकिंगने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या नावच्या एका डिमॅट खात्यात वळवले आणि ते गहाण ठेवून कर्ज उचललं. 22 नोव्हेंबर 2019 रोजी सेबीने कंपनीवर निर्बंध घातले आणि 2 डिसेंबरला सुमारे 83 हजार ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यात परत आले. ब्रोकरचा स्क्रीन एक सांगत होता आणि डिपॉझिटरीची नोंद दुसरं.

म्हणून ब्रोकरकडे माहिती मागण्याआधी तुमचीच माहिती दुसऱ्या ठिकाणांहून काढून ठेवा. ती फुकट मिळते आणि त्यासाठी कोणाला विनंतीही करावी लागत नाही.

ब्रोकरला न विचारता काय काय मिळतं?

सगळ्यात कामाचा कागद म्हणजे सीएएस, एकत्रित खाते विवरण. एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरी तो थेट तुम्हाला पाठवतात, ब्रोकर मध्ये नसतो. महिन्यात व्यवहार झाला तर पुढच्या महिन्यात येतो, नाही तर सहामाहीला. पॅनवरची सगळी डिमॅट खाती आणि म्युच्युअल फंड एकाच पीडीएफमध्ये दिसतात. पासवर्ड म्हणजे तुमचा पॅन, कॅपिटल अक्षरांत. आपलं खातं कुठे आहे हे ओळखणं सोपं आहे. डिमॅट क्रमांकाची सुरुवात ‘आयएन’ने असेल तर एनएसडीएल, सोळाही अंकच असतील तर सीडीएसएल.

तुमच्या ब्रोकरने तुमच्या नावे किती पैसे आणि किती शेअर दाखवलेत, हे कळवणारे एसएमएस एक्स्चेंजकडून येतात. आपण ते जाहिरात समजून डिलीट करतो. करू नका. लेजरशी पडताळून बघा.

तिसरी जागा आयकर विभागाची. ई-फायलिंग पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, तुमच्या पॅनवरचे शेअर-फंडांचे व्यवहार दिसतात. ओळखीचा नसलेला व्यवहार इथे सापडला, तर पुढचा ईमेल ब्रोकरला. शिवाय केवायसीची नोंद केआरए संस्थांकडे असते. त्यांच्या वेबसाइटवर पॅन टाकून स्थिती तपासता येते.

ॲपवर लाखोंचे शेअर दिसतात आणि सीएएसमध्ये एकही नाही, असं असेल तर ‘डेटाची प्रत’ मागत बसू नका. ते बनावट ट्रेडिंग ॲप असण्याची शक्यता मोठी आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेल्या लिंकचं ॲप असेल तर जवळजवळ खात्रीच. लगेच 1930 वर फोन करा. खऱ्या ब्रोकरचा सेबी नोंदणी क्रमांक ‘आयएनझेड’ने सुरू होतो आणि तो सेबीच्या वेबसाइटवर तपासता येतो.

कायदा आपल्याला नेमका काय हक्क देतो?

इथे थोडं सावकाश वाचा, कारण सोशल मीडियावर बराच गोंधळ आहे.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्या पीठात आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट 2023 मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये आणि तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे. डेटा संरक्षण मंडळाविषयीच्या तरतुदी लगेच लागू झाल्या, पण नागरिकांना माहिती मागण्याचा हक्क देणारा भाग अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 च्या मध्यापासून लागू होणार आहे.

तोपर्यंत आधार आहे तो माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011 च्या नियमांचा. त्यानुसार तुम्ही दिलेली माहिती पाहण्याची आणि चुकीची असेल तर दुरुस्त करून घेण्याची मुभा कंपनीने द्यायला हवी. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर हवं आणि तक्रार महिन्याभरात निकाली निघायला हवी. बँक खात्याचा तपशील ही या नियमांत ‘संवेदनशील’ माहिती आहे, त्यामुळे ब्रोकर यातून सुटत नाहीत.

नवा कायदा पुढे काय देणार? कलम 11 नुसार तुमच्या कोणत्या माहितीवर काय प्रक्रिया होते त्याचा गोषवारा आणि ती कोणाकोणाला दिली त्यांची ओळख. गोषवारा, हा शब्द लक्षात ठेवा. युरोपच्या जीडीपीआरमध्ये ग्राहकाला माहितीची प्रतच मिळते, साधारण महिन्याभरात. आपल्याकडे अख्ख्या फाइलची प्रत देण्याचं बंधन कलम 11 घालत नाही. शिवाय हा हक्क मुख्यतः तुम्ही संमती देऊन दिलेल्या माहितीपुरता आहे. गुन्ह्याच्या तपासासाठी अधिकृत यंत्रणेने लेखी मागितलेली माहिती कंपनीने दिली असेल, तर ते तुम्हाला सांगणं कंपनीवर बंधनकारक नाही. तक्रारीला उत्तर देण्यासाठी कंपनीला जास्तीत जास्त 90 दिवस आहेत. ट्रेडिंगमध्ये 90 दिवस म्हणजे अख्खी तिमाही!

मला विचाराल तर आज डेटा कायद्यापेक्षा सेबीचे नियम जास्त कामाचे आहेत. ग्राहकाने सही केलेल्या कागदपत्रांची प्रत ब्रोकरने मोफत द्यायची असते. प्रत्येक सौद्याची कॉन्ट्रॅक्ट नोट 24 तासांत पाठवायची असते. ऑर्डरचा पुरावा ठेवायचा असतो. म्हणून ईमेल लिहिताना ‘माझा डेटा द्या’ एवढंच लिहिलं की माझ्यासारखी पासवर्डची लिंक मिळते. कागदाचं नाव घेऊन मागितलं की उत्तर देणाऱ्याला पळवाट राहत नाही.

मग ईमेल कसा लिहायचा?

चॅटबॉटवर नाही, ग्राहक सेवेच्या फोनवर नाही. ब्रोकरच्या वेबसाइटवर सगळ्यात खाली तक्रारींसाठीचा ईमेल आणि ‘एस्कलेशन मॅट्रिक्स’ नावाचा तक्ता असतो. त्यात कम्प्लायन्स ऑफिसरचं नाव मिळेल. नोंदणी केलेल्या ईमेल आयडीवरूनच पाठवा. मजकूर साधारण असा:

‘माझा क्लायंट कोड अमुक. कृपया पुढील कागदपत्रं आणि नोंदी या ईमेलवर पाठवाव्यात. खातं उघडण्याचा पूर्ण अर्ज व केवायसी, सर्व सह्या आणि ई-साइनसह. मोबाइल, ईमेल, बँक खातं व नॉमिनी यांत आजवर झालेले बदल, तारीख-वेळेसह. फ्यूचर्स-ऑप्शन्स विभाग सुरू केल्याची तारीख आणि त्यासाठी घेतलेला उत्पन्नाचा पुरावा. डीडीपीआय किंवा मुखत्यारपत्र दिलं असल्यास त्याची प्रत. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचे लॉगिन तपशील. त्याच काळातील ऑर्डरचे पुरावे. माझी माहिती ज्या संस्थांना दिली त्यांची नावं आणि कारण. 2011 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ही माहिती पाहण्याची व दुरुस्त करण्याची माझी विनंती समजावी. तक्रार क्रमांक कळवावा.’

इंग्रजीत लिहिता येत असेल तर तसं लिहा, सपोर्ट टीम कुठल्या शहरात बसते कोण जाणे. तारखा मात्र नेमक्या द्या. ‘सगळ्या वर्षांचं सगळं’ मागितलं की उत्तर लांबतं. आधारची प्रत जोडू नका, त्यांच्याकडे ती आहेच. ओळख पटवायची तर ओटीपी किंवा कॉलबॅक पुरतो आणि तो कॉलही त्यांच्या अधिकृत क्रमांकावरून आला पाहिजे. एक्सवर कंपनीला टॅग करून तक्रार टाकलीत, तर पाच मिनिटांत ‘सपोर्ट’ नावाचं एखादं खातं मेसेज करेल आणि स्क्रीन शेअर करायला सांगेल. ते भामटे असतात.

अर्जातली डीडीपीआयची ओळ समजून घ्या. पूर्वी ब्रोकर सरसकट मुखत्यारपत्र घ्यायचे, त्याचा गैरवापर व्हायचा. 2022 पासून त्याऐवजी ठरावीक कामांपुरतं डीडीपीआय आलं. जुनं खातं असेल तर तुमचं जुनं मुखत्यारपत्र अजून फाइलमध्ये पडलंय का, ते विचारा.

उत्तरच आलं नाही तर?

सेबीचं स्कोअर्स पोर्टल आहे. एप्रिल 2024 पासून त्याची नवी आवृत्ती सुरू झाली. तक्रार थेट ब्रोकरकडे जाते आणि त्याला 21 दिवसांत काय कारवाई केली ते कळवावं लागतं. उत्तर पटलं नाही तर दोन टप्प्यांत फेरतपासणी मागता येते. त्यानंतरही प्रश्न राहिला तर स्मार्ट ओडीआर, म्हणजे ऑनलाइन सलोखा आणि लवाद. मुद्दा घडल्यापासून वर्षाच्या आत स्कोअर्सवर जायला हवं. मदतीसाठी टोल-फ्री क्रमांक 1800 266 7575. तक्रारीत ‘खासगीपणाचा भंग’ असा मोठा शब्द टाकण्याऐवजी ‘अर्जाची प्रत दिली नाही, ऑर्डरचा पुरावा दाखवला नाही’ असं लिहा. सेबीचं काम रोखे बाजाराचं आहे, तक्रार त्याच भाषेत असलेली बरी.

माहिती फुटल्यामुळे प्रत्यक्ष नुकसान झालं असेल, तर रस्ता वेगळा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43ए खाली भरपाईचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, म्हणजे अधिनिर्णय अधिकाऱ्यापुढे, करता येतो. दाव्याची मर्यादा 5 कोटी. माहिती फुटते का? फुटते. एप्रिल 2021 मध्ये अपस्टॉक्सला ग्राहकांची संपर्क आणि केवायसी माहिती बाहेर गेल्याची शंका जाहीर करावी लागली होती.

‘माझं सगळं डिलीट करा’ म्हटलं तर?

खातं बंद होईल, नोंदी नाही. काळा पैसा प्रतिबंधक कायद्यानुसार ग्राहकाशी संबंध संपल्यावरही ओळखीच्या नोंदी पाच वर्षं ठेवाव्या लागतात. नवा डेटा कायदाही ‘दुसऱ्या कायद्याने ठेवायला लावलेली माहिती’ पुसायला सांगत नाही. हे आपल्या फायद्याचंही आहे, कारण वादाचा पुरावा त्यातच असतो. थांबवता येतं ते जाहिरातींचं. कर्ज, विमा, ‘प्रीमियम टिप्स’ यांच्यासाठी दिलेली संमती मागे घ्या. खातं बंद करण्याआधी मात्र लेजर, कॉन्ट्रॅक्ट नोट आणि टॅक्स रिपोर्ट उतरवून घ्या, नंतर लॉगिनच राहत नाही.

क्रिप्टोवाल्यांसाठी हे दुप्पट खरं. तिथे ना डिपॉझिटरी, ना सीएएस, ना स्कोअर्स. प्लॅटफॉर्मकडे आहे तीच तुमच्या व्यवहारांची मुख्य नोंद. कोइनेक्स हे भारतीय एक्स्चेंज जून 2019 मध्ये बंद झालं. जुलै 2024 मध्ये वझीरएक्सवर सुमारे 23 कोटी डॉलरचा डल्ला पडला आणि पैसे काढणं थांबलं. नफ्यावर 30 टक्के कर भरायचा तर खरेदीची किंमत दाखवावी लागते. ती फाइल दर तिमाहीला डाउनलोड करून ठेवा.

घरातले कोणी गेल्यावर तर हे कागद शोधताना फार हाल होतात. बाबांचं ॲप कोणतं, पिन काय, काहीच माहीत नसतं. नव्या कायद्याच्या कलम 14 मध्ये आपल्या मृत्यूनंतर डेटाचे हक्क वापरण्यासाठी नॉमिनी नेमण्याची सोय आहे. तेही 2027 मध्येच. डिमॅटचा नॉमिनी मात्र आजच नेमता येतो आणि जानेवारी 2025 च्या परिपत्रकानंतर दहा जणांपर्यंत.

माझ्या त्या पीडीएफचं पुढे काय झालं? उत्पन्नाचा आकडा दुरुस्त केला, होस्टेलचा पत्ता काढला आणि आईचं नाव नॉमिनी म्हणून घातलं. ॲपवर सात मिनिटं लागली. लॉगिनचे तपशील मात्र अजून आलेले नाहीत. तक्रार क्रमांक हातात आहे, परवा स्कोअर्सवर टाकतोय.